एक दिवस कमी

रात्रीचे पावणेतीन. पुन्ता आरेनासमध्ये आज माझ्या दुकानाची पाळी,
म्हणून या रस्त्यावर दिवा एकच.
वारा शटरला धडका देतो
आणि मधूनच थांबून ऐकतो, कुणी उघडतंय का.

उघडलं मी. आर्तेमियो नाउएल्किन,
मेंढ्या कातरणारा, टोपीला लोकर चिकटलेली,
तोंडावर आडवा हात.
सवयीने माते पुढे केला, नळी त्याच्याकडे वळवून.
'ग्रासियास,' म्हणाला. न पिताच.
मातेच्या बैठकीत आभार म्हणजे आता पुरे,
आणि पुरे म्हणायच्या आधी
निदान एक घोट तरी घ्यायचा असतो.
तेव्हाच कळलं, हाताखाली काय आहे.

फोड अजून नव्हता. नुसती चुणचुण,
खालच्या ओठाच्या डाव्या काठाने
मुंगी जावी, आणि त्याच वाटेने परत यावी.
इथे याला आगच म्हणतात.
सामुद्रधुनीपलीकडच्या बेटाचं नावही आगीचंच,
आणि त्या बेटावर त्याची नात.
नऊ दिवसांची.
फेरीबोटीचं तिकीट खिशात, सकाळचं,
दवाखान्याच्या चिठ्ठीत गुंडाळलेलं.

'किती वेळात काम करते ही गोळी?'

याच काउंटरवर हे विचारून गेलेत
लग्नाच्या आदल्या रात्रीची नवरी, बँडमधला ट्रम्पेटवाला,
फोटो काढायला निघालेला एक खलाशी.
सगळ्यांना एकच उत्तर हवं असतं: उद्या.

खरं उत्तर लहान आहे, जरा ओशाळंच.
चार गोळ्या आत्ता, चार दुपारी पावणेतीनला.
संपलं औषध.
चुणचुण असतानाच घेतल्या
तर कधी कधी फोड उठतच नाही.
उठलाच, तर आठ-दहा दिवसांचं दुखणं
एखाद्या दिवसाने कमी.

'एक दिवस?'
एक दिवस.
मलमाची ट्यूब मी काढलीच नाही.
ती जेमतेम अर्धा देते.

त्याने बोटांवर मोजलं. कात्रीने वाकडी झालेली बोटं.
'म्हणजे पुढच्या गुरुवारी...'
वार धरू नका, म्हटलं. खपली गळेपर्यंत नाही,
खालची कातडी नवी दिसेपर्यंत नाही.
एवढ्याशा जिवात ही आग ओठावर थांबत नाही,
मेंदूपर्यंत जाते.
उचलून घ्या तिला, हात धुऊन, तोंडाला फडकं बांधून.
मुका नाही.
हे मी जरा मोठ्यानेच बोलले,
आणि ते काही वाऱ्यामुळे नव्हे.

पाणी दिलं. फाटकातून मेंढ्या सोडाव्यात
तशा एकेक करून चारही गिळल्या त्याने.
'मला कुणी दिली असेल?'
सांगता येत नाही. बहुधा लहानपणी. कुणीतरी लाडाने.
'मग आईच. ती गेली तेव्हा मी चार वर्षांचा.
फोटो नाही. चिलोएतलं घर
खांबांसकट समुद्राने नेलं.'

मी माते बाजूला सरकवला. गार झाला होता.

'या गोळीने मरतो का तो?'
नाही. मागे हटतो.
कानाजवळच्या एका नसेत जाऊन निजतो.
'किती दिवस?'
तुम्ही आहात तोवर.
डाव्या कानापुढे बोट टेकवून
तो उभा राहिला, बराच वेळ,
आत कुणी कूस बदललीय का
हे चाचपावं तसा.

मग सुटे पैसे मोजले. दोन नाणी जास्त दिली, मी परत केली.
'तिकीट नाही बदलत,' म्हणाला. 'पाय बघून येतो तिचे.'
दार लोटताना वाऱ्याने त्याची टोपी उचलली,
ती त्याने छातीशीच पकडली.

दुसऱ्या दिवशी मी घरी झोपलेली,
पण पावणेतीनचा गजर लावून ठेवला होता.
का, ते विचारू नका.
वाजला. उठून खिडकीतून पाहिलं:
सामुद्रधुनी पांढरी, दातओठ खाणारी.
पलीकडे एव्हाना त्याने उरलेल्या चार हातावर घेतल्या असतील.
फेरीबोट पोचली असेल तर.